घर बदलू नये

दुसरी रेघ पहिलीहून फिकट होती, पण होती. मृण्मयीनं गर्भचाचणीची पट्टी उजेडात धरून पुन्हा पाहिली आणि बाहेर येऊन नवऱ्याला, केतनला दाखवली.

तो पांढराफटक पडला. गेल्या वर्षी गर्भ वाचणार नाही हे कळूनही इथल्या, टेक्ससच्या गर्भपातबंदी कायद्याला घाबरून डॉक्टर थांबून राहिले होते. ती तापानं फणफणली, मरता मरता वाचली. तेव्हापासून तो, असा कायदा नसलेल्या न्यूजर्सीला मोठ्या भावाकडे, दादाकडे राहायला जाऊ म्हणत होता आणि ती, निवडणुकीनंतर बदलेल सगळं, म्हणून टाळत होती.

“आता तर विषयच नको,” पट्टी पाहून सासूबाईंनी डोळे पुसत बजावलं. “दिवस गेल्यावर घर बदलत नाहीत, बाई.”

“गेल्या वेळी कुठे बदललं होतं, आई?” मृण्मयी म्हणाली.

मग ती केतनकडे वळली.

“दादांना कळव. आपण येतोय.”