सुनिताचं गाणं

२०२२ सालची गोष्ट. धुळ्याजवळच्या खेड्यातल्या कोकिळाअक्कांनी वारलेल्या लेकीवर, सुनितावर, गाणं बांधून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर म्हटलं. महिन्याभरात ते वरातीच्या डीजेवर वाजलं. ‘सुनिता, सुनिता’ म्हणत प्यालेली पोरं कंबर हलवत होती. अक्का पेटल्या, तडक ते रेकॉर्ड करून विकणाऱ्या स्टुडिओवाल्या समाधानकडे गेल्या. “मन्हं गाणं तू कसाले लिधं?” तो हसला. “अक्का, आखाजीनं गाणं बठ्ठासनं, पुरा गावनं ऱ्हास. ‘पारंपरिक’ लिखेल शे ना.” “आणि मन्ही सुनिता? ती बी बठ्ठासनी का?” त्याने गाण्याचा आवाज वाढवला. खानदेशात आखाजीला बायका एकमेकींना गाण्यातून शिव्या देतात. पुढल्या वर्षी अक्कांनी समाधानच्या नावाने शिवी बांधली; ती गावोगाव पोचली. त्याच्या लग्नात नवरीकडच्या बायकांनी तीच म्हटली. तो स्टुडिओ विकून सुरतेला गेला. सुनिताचं गाणं वरातीत अजून वाजतं. अक्का आता गाण्यात कोणाचंच नाव घालत नाहीत.