आपोआप जाणारं उत्तर

शिंपीमास्तरांच्या दुकानाचं फेसबुक पेज त्यांची बायको सांभाळायची. तपासणीसाठी दवाखान्यात जाताना तिनं त्यावर आपोआप जाणारं उत्तर लावून ठेवलं होतं, ‘जरा बाहेर आलेय, दहा मिनिटांत पोचते.’ ती काही परत आली नाही, आणि पासवर्डही तिच्याबरोबरच गेला. चार महिने झाले, कपडे शिवून झाले का म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकाला तेच उत्तर जातंय. ज्यांना ती गेल्याचं ठाऊक आहे, त्यांच्या काळजात धस्स होतं.

मुलानं तिच्या मृत्यूचे दाखले पाठवून पाठवून कंपनीचा पिच्छा पुरवला, तेव्हा कुठे आज परवानगी आली.

“बाबा, हे एवढं बटण दाबलं की पेज बंद. दाबू?”

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. स्वतःच्या फोनवरून एका बोटानं त्या पेजला लिहिलं, ‘कुठे आहेस गं?’

उत्तर लगेच आलं. नेहमीचंच.

“बाबा, दाबू ना?”



मास्तर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाले, “दहा मिनिटं थांब.”