वादळाचा भोंगा

"उतरू की परत फिरू?" विमानातून वैमानिकाने रेडिओवर विचारलं. "आत्ताच सांगा. आणखी पुढे आलो तर परतण्याइतकं इंधन उरणार नाही."

तळाचा हवामानाचा अंदाज सांगणारा सार्जंट ड्वेन कोल्ब हवामान खोलीत उभा होता. पायाशी त्याची बॅग होती. याच विमानाने तो घरी निघणार होता. तिकडे नेब्रास्कात त्याची बायको नोरीन इस्पितळात होती. सकाळी मुलगी फोनवर एवढंच म्हणाली होती, "बाबा, आता या."

हवेचा दाब उतरत चालला होता. पूर्वेला, हिमपठाराच्या कडेवर, बर्फाचा धूर उठला होता.

"वादळाला थोडा वेळ दाबून धर की," प्रेबेन म्हणाला. तो डॅनिश, धावपट्टीवरचा बर्फ काढणारा. ग्रीनलंडच्या या अमेरिकन हवाई तळावर ड्वेनच्याही आधीपासूनचा. "तुझंच वादळ आहे, लेका. तुझं ऐकेल."

"परत फिरा," ड्वेन विमानाला म्हणाला. मग त्याने भोंगा वाजवला.

तळावर लढाऊ विमान एकही नव्हतं. दुसऱ्यांची विमानं उतरवायची, त्यांच्या माणसांना जेवू घालायचं, ऊब द्यायची, एवढंच काम. पूर्वी वादळात दोन इमारतींच्या मधल्या वाटेवर माणसं हरवली होती. तेव्हापासून भोंगा वाजला की जो जिथे असेल तिथेच थांबायचा. सगळीकडची दारं बंद झाली.

दोघं खिडकीशी बसले. बर्फाचा धूर कडेवरच रेंगाळला, मग विरला. धावपट्टीवरची, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी खांबाला लोंबत राहिली. लख्ख ऊन पडलं. विमान तोवर केव्हाच परत गेलं होतं.

प्रेबेनने या वेळी थट्टा केली नाही. एरवी तो कुणाला सोडत नसे.

फोन वाजला. भोजनगृहातली इंगर. तिचा आवाज प्रेबेनलाही ऐकू येत होता.

"ड्वेन, अरे किती वेळ कोंडून ठेवणार आम्हाला? इथे एखादं झाड असतं ना, तर त्याचं पानसुद्धा हललं नसतं. वाजव की सुटकेचा भोंगा!"

तो भोंगा ड्वेननेच वाजवायचा होता. त्याचा हात बटणापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. तो खिडकीबाहेर त्या पिशवीकडे बघत होता.

"येईल," तो म्हणाला. "थांब जरा. येईल ते."

प्रेबेनने त्याच्या हातातला फोन काढून घेतला.

"इंगर," तो म्हणाला, "इकडे फार वारा आहे गं."