आट्यापाट्यांचा टीशर्ट

"बाबा, निदान मॉलमध्ये तरी हा टीशर्ट नको," मृणाल म्हणाली. "दिसेल त्याला आट्यापाट्या समजावत बसता."

छातीवर खेळाचं नाव ठळक लिहिलेलं होतं. हूल द्यायची आणि हात लागू न देता समोरच्यानं राखलेली पाटी, म्हणजे आखलेली आडवी पट्टी, ओलांडायची, एवढा सोपा खेळ. पण आता नागपुरातही समजावून सांगावा लागतो. म्हणून मुद्दाम तोच घातला.

डाळींच्या रांगेत एक पिकल्या केसांच्या बाई समोर आल्या. वाट अरुंद. सवयीनं मी डावीकडे झुकलो आणि उजवीकडून सटकलो, तर त्या आधीच तिथे! त्यांचा तळवा माझ्या खांद्यावर पडला.

"बाद!"

कॉलेजचं मैदान, फक्कीच्या पांढऱ्या रेघा, मुलींच्या संघाबरोबरचा सराव आणि मला रोज बाद करणारी कुमुद देवघरे. माझी छाती फुगली.

"टीशर्ट वाचून ओळखलंस ना?" मृणालला ऐकू जाईल असं मी विचारलं.

"कसला टीशर्ट? चष्मा गाडीत राहिलाय," कुमुद डोळे बारीक करत म्हणाली. "डावीकडे हूल देऊन उजवीकडे पळणारा तूच. चाळीस वर्षांत दुसरी शिकला नाहीस?"