पुढची तारीख

सुईचं पाकीट फोडायच्या आधी सिस्टरनं फाइल चाळली आणि तिचा हात थांबला.

"आजी, केमो तर डॉक्टरांनी बंद केलीये. मग पोर्ट धुवायला कशाला आणलंत यांना?"

"बंद नाही, थांबवलीये," सासूबाई म्हणाल्या. "उद्या सुरू करायची म्हटली आणि नळीचं तोंड बुजलेलं निघालं, तर औषध काय तुमच्या डोक्यावर ओतू?"

सिस्टर सुनेकडे वळली. "तुम्हाला हवंय का हे?"

"टोचा हो. नाहीतर आई आज जेवायच्या नाहीत, आणि मलाही सुखानं जेवू द्यायच्या नाहीत."

सुनेनं गाऊनचं बटण सोडलं. केमोनं हाताच्या शिरा जळून गेल्या तेव्हा छातीवर कातडीखाली पोर्टची ही डबी बसवली होती. तिची नळी काळजाजवळच्या मोठ्या शिरेत. सुरुवातीला डबी बोटांनी चाचपून शोधावी लागे. आता मांसच उरलं नव्हतं. नुसत्या कातडीतून ती वर आली होती. सासूबाईंनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

सुई आत गेली. सिस्टरनं सिरिंजचा दट्ट्या मागे ओढला तसं रक्त नळीत उतरलं. मग तिनं मिठाचं पाणी आत सोडलं. सुनेनं तोंड वाकडं केलं. दर खेपेला त्याची खारट चव तिच्या जिभेवर यायची.

"बघितलंत? एकदम मोकळी!" सासूबाईंची मान ताठ झाली. "महिन्याच्या महिन्याला आणतेय. एक खाडा नाही माझा. घाला कार्डावर पुढची तारीख." आणि दाराशी काढलेल्या सुनेच्या चपला आणायला त्या पडद्याबाहेर गेल्या.

चपला घेऊन परतल्या, तोच आतून सुनेचा आवाज आला.

"महिन्याची नको, सिस्टर. पंधरा दिवसांची घाला."

"अहो, हे महिन्यानंच करायचं असतं."

"माहितीये. पण महिन्याची घातलीत, तर आई एकट्याच येतील कार्ड घेऊन."

सिस्टरनं कार्ड पुढ्यात ओढलं.

सासूबाई पडद्याशी उभ्याच राहिल्या. कुणाचं ऐकून गप्प बसणारी ती बाई नव्हे. त्यांनी पडदा सारला.

"पंधरा कशाला? आठच दिवसांची घाला," त्या म्हणाल्या, आणि सुनेच्या पायांत चपला सरकवायला खाली फरशीवर बसल्या.