शार्कसाठी शेजारी

शेवटी शार्कने कोणालाही चावलं नाही. पण हे वाक्य आपण वाचलंच नाही असं धरून चालू, कारण शनिवारी सकाळी धाकटा शोभेच्या माशांच्या दुकानात मासेवाल्याच्या काउंटरसमोर उभा होता तेव्हा परिस्थिती अगदी उलट होती.

"हा चौथा," तो म्हणाला आणि त्याने झाकणाचा डबा पुढे सरकवला. डब्यात एक नारिंगी मासा होता. त्याचं शेपूट घरीच राहिलं होतं.

शार्क तसा नावापुरताच शार्क. बोटभर लांब, काळा, लाल शेपटीचा. समुद्र त्याच्या सात पिढ्यांनी पाहिला नसेल. पण टाकीतल्या फुटक्या मडक्यात बसून तो चारही काचांवर लक्ष ठेवायचा आणि पलीकडच्या कोपऱ्यात कोणी कल्ला हलवला तरी धावून जायचा. तो ताईचा होता. ताई म्हणजे धाकट्याची थोरली बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका. आईवडील गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, शिकवलं आणि एक्केचाळिसाव्या वर्षापर्यंत वेळेवर झोपवलं. जखमी माशांबद्दल तिचं मत ठाम होतं. त्यांना शिस्त नव्हती. तरी शार्कला सोबत हवी हेही तिचंच म्हणणं, आणि योग्य उमेदवार निवडायचं काम धाकट्याच्या गळ्यात.

धाकट्याला या कामाचा अनुभव होता. तीन महिन्यांपूर्वी त्याचं लग्न झालं आणि एकोणिसाव्या दिवशी बायको माहेरी गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. तिने कप फळीवर ठेवला की ताई शांतपणे म्हणायची, "तिथे चाळण्या असतात." टॉवेल खुंटीला लावला, तर ती खुंटी छत्रीची. खुर्चीत बसली, तर ती खुर्ची पेपर वाचायची. एकोणीस दिवस बायकोने जवळजवळ उभ्यानेच काढले. आता तिने फोनवर कळवलं होतं की उद्या, रविवारी, ती एक आठवड्यासाठी येईल. एकच. जमलं नाही तर पुन्हा ती फोन करणार नाही, आणि त्यानेही करायचा नाही.

मासेवाल्याने बिनशेपटीच्या माशाला बाजूच्या टाकीत सोडलं आणि समजावून सांगितलं. संथ मासा चालणार नाही. लांब परांचा चालणार नाही. काळा तर नाहीच, आणि तळाशी राहणारा तर विचारूच नका. वरच्या पाण्यात पळणारे चपळ पट्टेरी मासे न्या, एकदम सहा, म्हणजे राग एकट्यावर निघत नाही. धाकट्याने सगळं लिहून घेतलं.

"आणि सोडायच्या आधी टाकीतलं सामान हलवा," मासेवाला म्हणाला. "एकही दगड जागेवर ठेवायचा नाही. मग जुन्यालाही वाटतं, आपण आजच आलो."

धाकटा पिशवी घेऊन पायरीपर्यंत गेला आणि परत आला. एकही दगड नाही का, असं त्याने विचारलं. मासेवाला म्हणाला, एकही नाही.

दुपारी धाकट्याने टाकीतलं मडकं काढून टाकलं, दगड इकडचे तिकडे केले, झाडं उपटून दुसरीकडे लावली आणि सहा पट्टेरी मासे आत सोडले. शार्क तासभर आपलं मडकं शोधत फिरला. चारच्या सुमारास तो त्या सहांच्या मागे निघाला. चावायला नाही. रस्ता विचारायला निघाल्यासारखा. धाकटा स्टूलवर बसून बराच वेळ बघत राहिला. मग त्याने मान वर केली आणि घरातल्या सामानावरून नजर फिरवली.

रविवारी नऊ वाजता ताई निवृत्त शिक्षकांच्या बैठकीला गेली. दहाला बायको बॅग घेऊन आली तेव्हा धाकटा भिंत आणि कपाट यांच्यामध्ये अडकला होता.

"हे काय चाललंय?" तिने विचारलं.

"मासेवाल्याने सांगितलंय."

बायकोने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग बॅग खाली ठेवली आणि कपाटाची दुसरी बाजू धरली.

ताई एकला परतली. चपलांच्या रॅकच्या जागी शिवणयंत्र होतं. ती चपला हातात घेऊनच आत आली. ज्या आवाजाने ती शाळेचे तीन मजले गप्प करायची तो आवाज धाकट्याला पाठ होता, आणि त्याने कान तयार ठेवले होते. ताई मात्र सरळ पुढे चालत गेली. स्वयंपाकघरात जाऊन तिने पहिलं कपाट उघडलं. आत इस्त्री. दुसऱ्यात रद्दी. तिने हातातल्या चपला खाली ठेवल्या. मग उत्तर आधीपासून माहीत नसलेला प्रश्न तिने आयुष्यात पहिल्यांदाच विचारला.

"अगं, साखर कुठे असते?"

"मलाही माहीत नाही, ताई. ह्यांनी ठेवलीये."

दोघींनी धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याला आठवेना.

साखर शोधायला अडीच तास लागले. बाहेरच्या खोलीत बसून त्याला आधी कपाटांचे आवाज ऐकू आले, मग हळू बोलणं, मग कोणाचं तरी दाबलेलं हसू. विषय त्याचे मोजे असावेत. चौथीत त्याने मुख्याध्यापिकेला, म्हणजे ताईलाच, लिहिलेलं माफीपत्रही निघालं असावं, कारण त्यातली वाक्यं मोठ्याने म्हटली जात होती. साडेतीनला चहा झाला. दोन कप.

संध्याकाळी फ्रिजवर एक कागद चिकटवलेला होता. अक्षर ताईचं, सह्या दोघींच्या.

"प्रति, मा. कुटुंबप्रमुख (पद आजपासून रिक्त). महोदय, सदर इसमाने घरातील सर्व वस्तू विनापरवाना हलवल्या आहेत. अर्जदारांना एकमेकींशी पुष्कळ बोलायचे असून त्यात त्याची अडचण होते. तरी त्यास आठ दिवसांकरिता त्याच्या माहेरी पाठवण्यात यावे, ही नम्र विनंती."