सोललेला लिंब

कुऱ्हाडीचा दांडा दुसऱ्यांदा बसला तेव्हा साहेबरावच्या कोपराचं हाड वाजलं. बांधावरच्या कडुलिंबाच्या बुडाशी तो गुडघ्यांवर आला. इंद्रभाननं पातं मुठीत धरून दांडा पुन्हा उचलला.

"बोल, कव्हा सोललास झाड?"

"म्या हात लावला न्हाई."

इंद्रभानची बायको आसराबाई चार हातांवर विळा घेऊन उभी होती. लिंब तिनंच सोलला होता. आठ दिवसांपूर्वी नवरा जाफराबादच्या बाजाराला गेला, तेव्हा बुडापासून वीतभर वर, चार बोटं रुंद साल तिनं सगळ्या बाजूंनी काढली आणि भोवती कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या रचून ठेवल्या. आज इंद्रभाननं जळणासाठी त्या ओढल्या आणि खोडाला पडलेलं उघडं कडं त्याला दिसलं.

साहेबरावचं शेत बांधाला लागून. लिंबाच्या सावलीला आपल्या कपाशीच्या चार ओळी बोंडं धरत नाहीत, असं तो पारावर चारचौघांत बोलला होता. इंद्रभानला तेवढा पुरावा बस झाला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. आणि आसराबाई पुढं होत नव्हती, कारण उद्या हाच दांडा कुणाच्या पाठीवर असेल हे तिला पक्कं ठाऊक होतं.

साहेबरावची पोरगी अर्पिता धावत आली. शेतकी कॉलेजात शिकत होती, होळीच्या सुटीला घरी आली होती. ती बापाच्या आणि दांड्याच्या मधे घुसली.

"काका, मारू नका. झाड वाचवता येतं."

"वाचवायचं काय? पानं तर हिरवीगार हायेत."

"पानांवर जाऊ नका. पाणी आतल्या लाकडातून वर चढून राह्यलंय, म्हणून हिरवी हायेत. पण पानं उन्हात जे अन्न करतात, ते खाली मुळांना सालीतूनच जातं. ती वाटच तुटली. मुळं आत उपाशी मरून राह्यलीत. ती मेली की पाणी बंद, मंग पानं बी गेली." तिला धाप लागली होती. "ह्याच लिंबाच्या कवळ्या काड्या आणा. वरच्या सालीत एक टोक, खालच्या सालीत एक टोक, असा पूल बांधू. पण जल्दी करावं लागल."

इंद्रभाननं दांडा साहेबरावच्या धड हातावर टेकवला. "झाड जगलं तर हा हात ऱ्हाईल." मग मान न वळवता बायकोला म्हणाला, "ए, काड्या तोड."

आसराबाई झाडाकडे बघत राहिली. बारा वर्षं ती ह्या लिंबाला ओळखत होती, पाठीनं. भाकरीला उशीर झाला, भाजीत मीठ कमी पडलं, की इंद्रभान तिला बैलाच्या दाव्यानं ह्या खोडाला बांधायचा. दिवस मावळेपर्यंत. चार एकरात दुसरं झाड नव्हतं आणि गावाची वाट इथूनच जायची. बायाबापड्या जायच्या, जीपवाले जायचे, साहेबराव औत घेऊन जायचा. सगळ्यांच्या माना नेमक्या त्याच वेळी पलीकडे वळायच्या. तिचा बाप मेंढरं राखायचा. तो सांगायचा, शेळीनं पाला खाल्ला तर झाड रुसतं, सगळीकडून साल खाल्ली तर मरतं. माहेरातून तिनं आणलेलं एवढंच एक शहाणपण ह्या घरात कामाला आलं होतं.

"ऐकू येत न्हाई का? काड्या तोड."

"न्हाई तोडायच्या," आसराबाई म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "साहेबरावभाऊला सोडा. म्या सोललाय लिंब."

इंद्रभान वळला. "कशापायी?"

त्याला खरंच उमगलं नव्हतं, आणि त्याचाच तिला सगळ्यांत जास्त राग आला.

"मला बांधायला ऱ्हाऊ नये म्हणून."

त्यानं कुऱ्हाड टाकली आणि तिचा अंबाडा धरला. विळा तिच्या हातून उडाला. पहिल्यांदा त्यानं तिचं कपाळ खोडावर आपटलं, मग दुसऱ्यांदा. सोललेल्या जागेवर रक्त ओघळलं. तिला गुडघ्याखाली दाबून तो खोडाला बांधायला कमरेचा पंचा सोडायला लागला. आज त्याला दाव्याचीही वाट बघायची नव्हती.

"सोड तिला." साहेबराव डाव्या हातात कुऱ्हाड घेऊन उभा होता. उजवा हात नुसता लोंबत होता.

"तू बीचमध्ये पडू नको. हा आमच्या घरातला मामला हाय."

"बारा वर्षं म्या बी तेच म्हणत आलो," साहेबराव म्हणाला आणि कुऱ्हाडीची बोथट बाजू त्यानं इंद्रभानच्या गुडघ्यावर घातली.

इंद्रभान ओरडत बांधाखाली कोसळला. उठायला गेला आणि पुन्हा पडला. साहेबराव त्याच्या डोक्याशी उभा राहिला, कुऱ्हाड खाली न ठेवता.

आसराबाई खोडाला धरून उठली. कपाळावरचं रक्त तिनं पदरानं पुसलं, विळा शोधून हातात घेतला आणि झाडाशी बसली. पण आता अजून काय सोलावं ते तिला सुचेना.

अर्पिता तिच्याशेजारी येऊन बसली. सोललेल्या कड्यावरून तिनं बोट फिरवलं, वरच्या कडेला नखानं दाबून पाहिलं.

"काकू, इथं नवी साल धरून राह्यलीय," ती हळू म्हणाली. "नुसती साल काढून भागत न्हाई. आतला बुळबुळीत थर बी खरवडून काढा, न्हाईतर कड परत जुळून येती."